कटऑफ सकाळी आठचा

न्हावा शेव्याच्या रस्त्यांवरची ही एक रात्र. तिला तारीख घातलेली नाही, कारण ती कुठल्याही एका एफआयआरमधून उतरवलेली नाही. चालत्या पुलरमागून, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीमागून, ट्रेलर सुटतो तेव्हा त्याआधी काय काय घडून गेलेलं असतं, ते इथे तासांच्या क्रमाने मांडलं आहे. माणसं कल्पित आहेत. रस्ते, लोखंड, हवेचे पाइप आणि जहाजाचा कटऑफ रोजचे आहेत. महिना जुलैचा धरा.

संध्याकाळ ६:५० – ११ तास ४५ मिनिटं बाकी

द्रोणागिरी नोडमधलं एक कंटेनर फ्रेट स्टेशन. इथे सगळे सीएफएसच म्हणतात. इचलकरंजीकडून आलेलं सूत दुपारभर चाळीस फुटी कंटेनरमध्ये भरलं, सील लागलं, आणि भरलेला ट्रेलर यार्डाच्या कडेला आणून उभा केला. माल २३ टन, रिकाम्या कंटेनरचं वजन पावणेचार टनांच्या घरात, खालचा ट्रेलर आणखी सहा-सात टन. म्हणजे सगळं मिळून ३३ टनांच्या आसपास.

ज्या पुलरने तो आणला त्याला लगेच दुसरी ट्रिप आहे. चालक ट्रेलरचे पुढचे दोन लँडिंग लेग खाली सोडतो, हवेचे पाइप काढतो, हँडल ओढून जोडणीची खुंटी, म्हणजे किंगपिन, मोकळी करतो आणि निघून जातो. पाच मिनिटांचं काम. ते करताना दोन गोष्टी राहून जातात. काँक्रीट संपून मुरूम सुरू होतो त्या जागेवर लेग टेकले आहेत आणि त्यांच्या खाली फळी नाही. दुसरं असं, की हा पुलर उंच आहे, त्यामुळे ट्रेलरचं नाकही त्याच उंचीवर राहिलं आहे. पहाटे ज्या पुलरला हा ट्रेलर लावायचा आहे त्याची पाठ याच्यापेक्षा जवळजवळ चार बोटं खाली आहे. हे या घडीला कोणालाच माहीत नाही. यार्डाच्या वहीत ट्रेलरचा नंबर आहे, कंटेनरचा नंबर आहे, सीलचा नंबर आहे. उंचीचा रकाना नाही.

रात्री ९:१५ – ९ तास २० मिनिटं बाकी

उरणचा पाऊस लागला की लागतो. मुरूम भिजतो आणि डावा लेग इंच-दीड इंच आत जातो. ट्रेलर डावीकडे किंचित कलला आहे.

रात्री ११:३० – ७ तास ५ मिनिटं बाकी

ज्याला पहाटे हा ट्रेलर न्यायचा आहे तो चालक या वेळी दुसराच कंटेनर घेऊन बंदराच्या पार्किंग प्लाझात रांगेत उभा आहे. मूळचा बीडकडचा. सकाळी पाचला उठला, तेव्हापासून गाडीवर आहे. जेवण झालं आहे, झोप नाही. पूर्वी अशा गाडीवर क्लीनर असायचा. मागे बघायला, चाकाखाली लाकडी ओट लावायला, रिव्हर्स घेताना "आने दो" म्हणायला एक माणूस असायचा. आता बहुतेक ट्रेलरवर चालक एकटाच. ट्रिपच्या हिशोबात दुसऱ्याचा भत्ता बसत नाही.

न्हावा शेव्याचं हे बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, मुंबईच्या गोदीवरचा भार हलका करायला. २०२४-२५ मध्ये इथून ७३ लाखांच्या आसपास टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाचे कंटेनर, हलले. रेल्वेने त्यातला लहान हिस्सा जातो. बाकी बहुतेक रस्त्याने, म्हणजे असाच एकेक पुलर, एकेक ट्रेलर, एकेक जागा माणूस.

१९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. रांगेत उभं राहणं हे काम धरायचं की विश्रांती, हा वाद या रस्त्यावर कुणी घालत नाही. चालक स्टिअरिंगवर डोकं टेकतो. पुढची गाडी सरकली की मागून हॉर्न वाजतो.

पहाटे २:२० – ४ तास १५ मिनिटं बाकी

कंटेनर उतरवून गाडी मोकळी होते, तोच फोन येतो.

"कुठंयस रे?"

"गेटच्या भायेर निघालोय, भाऊ. जरा पडतो आता."

"पडू नको. सीएफएसमधला चाळीस फुटी उचल. आठचा कटऑफ आहे. चुकला तर शटआउट होईल, पार्टी माझ्या डोक्यावर बसेल."

कटऑफ म्हणजे त्या जहाजासाठी गेटमध्ये कंटेनर घेण्याची शेवटची वेळ. ती चुकली की माल मागे राहतो, पुढच्या जहाजाची वाट बघावी लागते, आणि भाड्यापासून भुर्दंडापर्यंत सगळं कुणाच्या तरी गळ्यात पडतं. फोन करणाराही कुणाच्या तरी फोनखाली आहे. त्याला खलनायक करून हा घटनाक्रम सुटसुटीत होईल, पण खरा होणार नाही.

पहाटे ३:४० – २ तास ५५ मिनिटं बाकी

इथे थांबून नीट बघू. सगळी रात्र या पंधरा-वीस मिनिटांत ठरली आहे.

पुलरच्या पाठीवर एक जाड लोखंडी तबक असतं, त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. मागच्या बाजूला त्याला घोड्याच्या नालेसारखी खाच असते आणि खाचेच्या पोटात जबडा. ट्रेलरच्या नाकाखाली सपाट पत्रा असतो आणि त्यातून एक खुंटी खाली लोंबते, ती किंगपिन. सर्वांत जास्त चालणारी किंगपिन दोन इंची. जबडा जिला पकडतो त्या मानेचा व्यास ५०.८ मिलिमीटर. मानेखाली जाड टाच असते, पिन वर उपसून येऊ नये म्हणून. पुलर मागे जातो, पिन खाचेत शिरते, जबड्याला धडकते, जबडा मानेभोवती मिटतो, त्यामागे लॉक सरकतं आणि बाहेरचं हँडल आत जातं. ३३ टनांचं ओढणं या दोन इंचांवर चालतं.

अमेरिकेत सुट्टीला लोक कॅरव्हॅन मोटारीमागे लावून फिरतात. त्यांना ती भाड्याने देताना तिथला माणूस आधी साखळ्या दाखवतो. गोळ्यावर बसणाऱ्या त्या जोडणीखाली दोन साखळ्या फुली करून बांधायच्या, म्हणजे जोडणी सुटली तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. शिवाय एक पातळ तार असते. गाडी आणि कॅरव्हॅन दूर झाल्या की ती ओढली जाते आणि मागचे ब्रेक आपोआप लागतात. आपल्या कंटेनर ट्रेलरला साखळी नसते. ३३ टनांना पुरेल अशी साखळी लावणार तरी कशी? म्हणून इथे सगळी मदार एकाच पकडीवर आहे, आणि ती पकड बसली की नाही हे वाकून बघण्यावर.

नियम साधा आहे. ट्रेलरचा पत्रा तबकापेक्षा जरा खालीच हवा, म्हणजे पुलर मागे जाताना त्याला घासून किंचित उचलतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटतात. ट्रेलर उंच असेल तर पुलर अलगद खाली शिरतो, काही घासत नाही, काही उचललं जात नाही, आणि पिन जबड्यात शिरते ती वरच्या अंगाने. मानेच्या जागी टाच येते. अशा वेळी आधी लेगचं हँडल फिरवून ट्रेलर खाली घ्यायचा असतो. भरलेल्या ट्रेलरचं ते हँडल एकट्याने, पावसात, पहाटे पावणेचारला फिरवणं म्हणजे काय, हे ज्याने फिरवलं त्यालाच विचारावं.

चालक खाली उतरून एकदा बघतो. यार्डाचा दिव्याचा खांब डावीकडे आहे, म्हणून तो डावीकडून बघतो. डावा लेग मुरुमात गेलेला, त्यामुळे त्या बाजूने पत्रा पुरेसा खाली दिसतो. उजवीकडे अंधार आहे.

पहाटे ३:५२ – २ तास ४३ मिनिटं बाकी

रिव्हर्स. सरळ, सावकाश. त्यात त्याचा हात पक्का आहे. खटकन आवाज येतो.

हा आवाज फसवा असतो. जबडा मिटला एवढंच तो सांगतो. कशाभोवती मिटला ते सांगत नाही. या रात्री तो मानेऐवजी टाचेवर अर्धवट बसला आहे. हँडल आत गेलं आहे, पण शेवटची दोन बोटं बाहेर. ते पूर्ण आत गेलं तरच त्याची सुरक्षा क्लिप बसते. क्लिप मात्र कधीच हरवली आहे आणि तिच्या जागी बांधकामाची तार गुंडाळलेली आहे. तारेला अर्धं आणि पूर्ण यांतला फरक कळत नाही.

तो पहिला गिअर टाकून ट्रेलरचा ब्रेक लावलेला ठेवतो आणि हलकंसं पुढे ओढून बघतो. ट्रेलर हलत नाही. म्हणजे त्याने चाचणी केलीही. टाच जबड्याला अडकलेली असते तेव्हा एवढा ताण ती सहज सोसते. म्हणूनच ओढून बघितल्यावरही बॅटरी घेऊन मागून खाचेत डोकवायचं असतं. जबडा मानेभोवती पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे आणि दोन पत्र्यांमध्ये फट दिसता कामा नये. उजेड असेल आणि अंगात त्राण असेल तर एक मिनिटही लागत नाही.

त्याच्या मोबाइलला सहा टक्के चार्ज आहे. त्यावर त्याला गेटवरचा मेसेज दाखवायचा आहे.

पहाटे ४:०० – २ तास ३५ मिनिटं बाकी

हवेचे पाइप जोडले. लाल पाइप हवा पुरवतो आणि तोच तुटला तर ट्रेलरचे ब्रेक लागतात. पिवळा पाइप पेडल दाबलं की काम करतो. दिव्याची केबल लावली. सू-सू आवाज नाही, म्हणजे गळती नाही. मग लेग वर घेतले. लेग उचलले तसा ट्रेलर खाली बसला, पण पूर्ण नाही. दोन पत्र्यांत बोटभर फट राहिली. तबकाच्या मागून कुणी डोकावलं असतं तर तिच्यातून पलीकडचा दिवा दिसला असता.

इथून पुढे हा ट्रेलर जोडलेला दिसतो, जोडल्यासारखा चालतो आणि जोडलेला नाही.

पहाटे ४:५० – १ तास ४५ मिनिटं बाकी

सीएफएसचं गेट. शिपाई सील बघतो, बंदरात शिरण्याचा फॉर्म १३ बघतो, कंटेनरचा नंबर वहीत उतरवतो. कंटेनरचं एकूण वजन आधीच नोंदलेलं आहे. १ जुलै २०१६ पासून जगभर निर्यातीचा भरलेला कंटेनर वजनाच्या दाखल्याशिवाय जहाजावर चढत नाही. आधी जहाजांवरच्या थप्प्या कोसळल्या, मग तो नियम आला. समुद्रावर काय पडू शकतं याचा विचार जगाने केला आहे. गेटवर ट्रेलरखाली बॅटरी मारून बघ, असं शिपायाला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्याकडे बॅटरी आहे. सील वाचायला.

पहाटे ५:२५ – १ तास १० मिनिटं बाकी

करळच्या अलीकडे रांग. दहा फूट पुढे, ब्रेक, पाच मिनिटं थांबा, पुन्हा दहा फूट. प्रत्येक ब्रेकला ट्रेलर पुढे रेटतो, प्रत्येक सुटण्याला मागे ओढतो. जबड्यात अर्धी अडकलेली टाच ग्रीसवर एकेक केस सरकते आहे.

रांगेत तो आणखी एक काम उरकून घेतो. कंटेनर ट्रेलरवर चार कोपऱ्यांच्या ट्विस्ट लॉकने बसतो. खालून दांडी फिरवली की डोकं आडवं होतं आणि कोपरा पकडतं. यार्डात क्रेन कंटेनर उचलते तेव्हा एखादं लॉक लागलेलं राहिलं तर ट्रेलरही कंटेनरबरोबर वर जातो. त्या भीतीने आणि आत वेळ जाऊ नये म्हणून बरेच जण रांगेतच लॉक उघडतात. तो उजव्या बाजूची दोन उघडतो. मग रांग सरकते आणि तो पळत केबिनमध्ये चढतो. डावी दोन तशीच राहतात.

आता उजाडू लागलं आहे. रस्त्यावर दुचाकी सुरू झाल्या आहेत. जसखार, सोनारी, करळ, जासई या गावांतली मुलं-माणसं सातच्या पाळीला सीएफएसमध्ये, गोदामांत, बंदरात निघाली आहेत. याच गावांच्या जमिनींच्या संपादनाविरुद्धच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी उभ्या केलेल्या त्या लढ्यामुळे प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्या गावांची नातवंडं आज हेल्मेटवर पिशवी गुंडाळून दोन ट्रेलरच्या मधल्या फटीतून कामावर जातात. दुचाकीला वेगळी, सलग, कठडा घातलेली वाट या भागात प्रत्येक फाट्यावर हवी होती, हे माझं ठाम मत आहे. ट्रेलर सुटो न सुटो.

सकाळी ६:३१ – ४ मिनिटं बाकी

रांग अचानक मोकळी होते. तासभर रखडलेला माणूस मोकळा रस्ता दिसला की काय करतो, ते आपण सगळे जाणतो. गाडी ताशी तीस किलोमीटरला येते. पुढे उजवीकडे वळण आहे आणि वळणाच्या तोंडाशी पावसाने उखडलेला पट्टा.

सकाळी ६:३५

पुलरची मागची चाकं खड्ड्यात उतरतात. तबक खाली जातं, ट्रेलरचं नाक क्षणभर वरच राहतं आणि टाच जबड्यातून बाहेर येते. नाक पुलरच्या चेसिसवर आदळून मागे घसरतं आणि रस्त्यावर पडतं. लेग वर घेतलेले आहेत, त्यामुळे खाली टेकायला काही नाही. लाल पाइप ताणून तुटतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. बनवणाऱ्याने ज्यासाठी बसवले होते ते काम ब्रेक चोख करतात. पण ३३ टन ओल्या डांबरावर, नाक घासत, वळणात थांबायला जागा लागते.

वळण उजवीकडे, म्हणून भार डावीकडे कलतो. उजवी दोन लॉक उघडी असल्याने कंटेनरचा उजवा कोपरा उचलला जातो. डाव्या लॉकवर तो बिजागरीसारखा फिरतो, ती दोन्ही तुटतात आणि कंटेनर डाव्या पट्टीवर पडतो. पाळीला निघालेल्यांची पट्टी.

त्याखाली एक दुचाकी आहे.

सकाळी ६:३६ नंतर

चालक आरशात बघतो. पुलर अचानक हलका झाला होता, तेव्हाच त्याला कळलं होतं. तो उतरतो आणि तिथेच खाली बसतो. लोक धावतात, कुणी त्याची कॉलर धरतं, कुणी सोडवतं. क्रेन यायला तासाहून जास्त लागतो. मागची रांग जासईच्या पलीकडे जाते. आठ वाजतात. जहाजाचा कटऑफ संपतो.

दुपारी गुन्हा नोंदला जातो. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यूस कारण. पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यात ३०४-अ होतं आणि दोन वर्षं. याच कलमाच्या दुसऱ्या भागात, धडक देऊन न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरचे चालक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो भाग लागू करणं थांबवावं लागलं. त्या संपावर शहरात बरीच चीड व्यक्त झाली, पेट्रोल मिळेना म्हणून. चालकांची भीती कशाची होती, ते या रात्रीकडे बघून समजावं. एफआयआरमध्ये आरोपी एकच आहे. फळी न घालणारा, उंच ट्रेलर सोडून जाणारा, क्लिपऐवजी तार चालवून घेणारा, दिव्याचा खांब एकाच बाजूला उभारणारा, दुचाकीची वाट न करणारा, यांतलं कुणी त्यात नाही.

अपघात बातमीत येतो तो शेवटच्या मिनिटाचा. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना ठोकरलं, तेव्हा आपण गाड्या मोजल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, हे नंतर पुढे आलं. जुलै २०२५ मध्ये खोपोलीजवळ द्रुतगती मार्गावर कंटेनर ट्रेलर बेफाम होऊन पुढच्या गाड्यांवर गेला, त्यात एका महिलेचा जीव गेला. तिथेही "ब्रेक फेल" एवढे दोन शब्द पुरले. ब्रेक कधी तपासले होते, गाडी किती तास चालत होती, ट्रेलर कुणी जोडला, कुणी बघितलं, हे प्रश्न बातमीबरोबर शिळे होतात.

म्हणून ज्यांच्या यार्डातून रात्री ट्रेलर सुटतात त्यांना ही विनंती आहे. ट्रेलर सोडण्याची जागा काँक्रीटची करा आणि दोन्ही बाजूंना दिवा लावा. वहीत एक रकाना वाढवा: फट पाहिली, हँडल पूर्ण आत, चारही लॉक बंद, खाली सही. ती सही चालकाची नको. तो वीस तासांहून जास्त जागा आहे. सही यार्डातल्या माणसाची हवी, आणि त्या माणसाला एक चांगली बॅटरी आणि नाही म्हणण्याचा अधिकार द्या. दोन पत्र्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसला, तर कटऑफ गेला तरी चालेल, गेट उघडू नका.